वाकायचं नाही

अपघातात मोडलेला माझा मणका डॉक्टरांनी स्क्रू घालून सांधला, वर बजावलं, ‘वाकायचं नाही, बाळाला उचलायचं नाही.’ तेव्हापासून माझा लेक जाऊबाईंच्या कडेवर. त्यांच्याच खांद्यावर झोपतो. मला बांधलेला कडक पट्टा त्याला टोचतो. त्या माझं किती करतात, ते कळतं. तरी त्या ‘माझं पिल्लू’ म्हणाल्या की माझा जळफळाट होतो. आज त्याला माझ्या खुर्चीजवळ सोडून त्या दूध आणायला गेल्या. वाटलं, हा त्यांच्यामागे रडत रांगणार. पण तो माझ्याकडे वळला. मी वाकून घेणार नाही, हे त्याला ठाऊक झालंय. त्याने माझा गाऊन मुठीत धरला आणि डुगडुगत चक्क उभा राहिला, पहिल्यांदाच! “अगं बाई! माझ्याकडे नुसता लोळत असतो, लबाड!” दारातून जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. मला फार बरं वाटलं.