तिन्ही नकाशांत मोकळी जागा

ऐन फेब्रुवारीत बर्फाऐवजी पाऊस पडला, रात्रीतून गोठला, आणि एल्लेच्या कळपाचा चारा कुलपात गेला. वर काचेसारखा थर. रेनडियर खूर आपटून आपटून दमले, पण बर्फाखालचं दगडफूल काही तोंडाला लागेना. चार दिवसांत कळप हलवला नाही, तर पोटातली पिल्लं पोटातच मरायची.

म्हणून एल्ले आणि तिचा दीर मात्ते गावच्या सभागृहात येऊन बसले होते. समोर तीन खात्यांची तीन माणसं, शहरातनं आलेली.

"टेकडीवर नेतो," मात्ते म्हणाला.

"तिथं पवनचक्क्या उभ्या राहतायत," पहिला साहेब म्हणाला. "हवामान सुधारायचंय ना? तुमच्यासाठीच चाललंय."

"मग जुन्या पाइनच्या रानात."

"ते राखीव आहे," दुसऱ्या खात्याच्या बाई म्हणाल्या. "पाखरांची घरटी आहेत."

"खालच्या खोऱ्यात?"

"खाण मंजूर झालीय," तिसरा म्हणाला.

"मग खिशात घालून हिंडवू म्हणता?"

तिघांनी आपापला नकाशा पुढं सरकवला. पातळ कागद, बंद जागा काळ्या रंगवलेल्या. एल्लेनं तिन्ही उचलले, खिडकीशी गेली आणि एकावर एक ठेवून काचेला दाबून धरले. काळ्याला काळं मिळत गेलं. मधे तळहाताएवढं पांढरं उरलं, रेनडियरच्या कानासारखं. तिनं ते बघताक्षणी ओळखलं.

तिघं मागं येऊन उभे राहिले.

"निघाली की जागा, मावशी," पहिला साहेब खुशीत म्हणाला. "तिन्ही खात्यांचं एकमत. आजवर कधी झालं नव्हतं."

"ते तळं आहे," एल्ले म्हणाली.

बाईंनी हातातली यादी खालीवर बघितली. "तळ्याला कुणाची हरकत नाही पण."

"कशाला असेल? गेल्या साली आम्ही कळप तिथनंच पलीकडं नेत होतो. बर्फ धरलंच नव्हतं नीट. गळ्यात घंटा असलेली म्होरकी पुढं होती, ती बर्फ फुटून आत गेली. तिच्या मागनं बाकीची गेली."

तिसऱ्या साहेबानं पेन काढलं. त्याचं लक्ष अर्धंच इकडं होतं. "म्हणजे तुमची जनावरं आधीपासनं तिथं जातात, असं लिहू?"

"लिहा," एल्ले म्हणाली. "जातात. परत येत नाहीत, तेवढं पण लिहा."

तिनं काचेवरचा हात काढला. काच आतनं ओली होती, नकाशे चिकटून राहिले, खाली काही पडले नाहीत. बाहेर परत पाऊस लागला होता.