तीस आकड्यांचं हसू

"नऊ टक्केच उरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खांबेटेकाका, वयानं आनंदाचे रिसेप्टर पंधरा टक्क्यांच्या खाली गेले की मेंदूत नवे रुजत नाहीत."

"आणि दुःखाचे?"

"ते शाबूत आहेत."

निदान काहीतरी शाबूत आहे, म्हणून खांबेट्यांनी आभार मानले.

बाहेर बाकावर त्यांची बायको शरयूबाई सुधारसाचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांचे नवे रिसेप्टर गेल्या महिन्यात झकास रुजले होते. तेव्हापासून त्या कुकरच्या शिट्टीलाही खूश व्हायच्या.

"बसवले का हो?"

"बसवले की." चमचाभर सुधारस खाऊन खांबेटे मनमोकळं हसले. दोघांच्या हास्यक्लबात अकरा वर्षं तेच सगळ्यांना हसवत होते. तिथं प्रत्येक हसू मनातल्या मनात तीस आकडे मोजून थांबवायचं असे.

"बरोबर तीसला थांबलात," शरयूबाई हळूच म्हणाल्या.

खांबेट्यांची थाप पकडली गेली. आता बाई रडणार, म्हणून त्यांनी रुमाल पुढे केला. पण शरयूबाईंचे रिसेप्टर फारच चांगले रुजले होते. रुमाल बघून त्यांना हसू फुटलं, आणि तीस कधीच उलटून गेले तरी त्या थांबेनात.