चाकाखालचं लिंबू

"कार नुसतं पेट्रोल ढोसते. स्कूटर परवडेल. कॉलेजात लुना उडवायचीस की, आता ही चालव. मी मागे बसेन." एवढं बोलून नवऱ्यानं तिला न विचारताच कार विकली होती. आयुष्यात कधी त्यानं तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता! शोरूमच्या दारात नव्या स्कूटरपुढे उभी असतानाही ती धुमसतच होती.

नारळ फुटला. लिंबू घेऊन नवरा खाली वाकला, जमीन चाचपली आणि चाकापासून वीतभर लांब ते ठेवून म्हणाला, "बघ, बरोबर चाकाखाली!"

सेल्समन हसला. "काका, लिंबू तिकडं, चाक इकडं!"

नवरा गोरामोरा झाला. तिला एकेक आठवत गेलं. फाटकाला घासलेली कार, महिनाभर न उघडलेला पेपर. यांना दिसेनासं झालंय, पेट्रोलचं नुसतं निमित्त!

"असू दे रे, तिथंच ठेवायचं असतं," ती सेल्समनला म्हणाली. स्कूटरवर बसून, हँडल वळवून तिनं चाक बरोबर लिंबावर नेलं. मागे येऊन बसलेल्या नवऱ्याचा चाचपडणारा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

"घट्ट धरा. पेट्रोल वाचवायचंय ना?"