घाटमाथ्यावरची शांतता

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेलं, इंधन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं विमान घाटमाथ्यावर आलं आणि त्याचं इंधनावर चालणारं इंजिन बंद पडलं. पंखे मात्र बॅटरीवर फिरतच राहिले.

"मागे फिरू या का, मॅडम?" सहवैमानिक इम्तियाजनं विचारलं.

कॅप्टन रेवती तांडेलनं बॅटरी किती उरलीय ते पाहिलं. मागे फिरलं तर वारा तोंडावर येणार होता. शिवाय विमानात एका मुलीसाठी नेलं जात असलेलं मूत्रपिंड होतं, आणि ती कोल्हापुरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती.

"पुढेच जाऊ. वारा पाठीशी आहे, बॅटरी पुरेल."

बॅटरी कोल्हापूरपर्यंत पुरली. मूत्रपिंडाचा डबा घेऊन रुग्णवाहिका धावली.

उतरताना एक आजोबा रेवतीला म्हणाले, "घाटावर आवाज थांबला, तेव्हा कुठं माझा डोळा लागला बघा."

"माझा आता लागेल, आजोबा," ती हसून म्हणाली.