आप्पा वर गेले

सकाळपासून लिफ्ट बंद होती. खाली बाकावर ऊन खात अडकून पडलेल्या आप्पांना शेवटी चौघांनी खुर्चीसकट उचललं आणि चौदाव्या मजल्यावर नेलं. त्यांचा मोबाइल तेवढा बाकावरच राहिला. तो वाजला, तसा वॉचमनने उचलला. परदेशातून मुलगा बोलत होता.

"आप्पा कुठायत?"

"आप्पा? ते मघाशीच वर गेले, साहेब."

पलीकडून चाचरत प्रश्न आला, "फार त्रास झाला का हो त्यांना?"

"छे, छे! अगदी हसत गेले. चौघांनी उचलून नेलं."

मुलाने हुंदका देऊन फोन ठेवला. बाप सुखरूप घरी पोचला म्हणून कुणी एवढं रडतं का, असं वॉचमनला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा धापा टाकत जिने चढला, मागून बॅग घेऊन वॉचमन. दार आप्पांनीच उघडलं. मुलाने आधी बापाला मिठी मारली आणि मग वळून वॉचमनची बिनपाण्याने केली.

"बोलताना जरा डोकं वापरत जा! बाथरूममध्ये धरायला दांड्या, गळ्यात धोक्याची घंटी, सगळं पाठवलंय मी. सहा वर्षांत एकदाही यावं लागलं नव्हतं मला!"

तो आत गेला. मान खाली घालून उभ्या असलेल्या वॉचमनला आप्पांनी हळूच जवळ बोलावलं.

"त्याचं मनावर घेऊ नकोस. मला अधूनमधून असाच वर पाठवत जा."