कानाला लागलेला हात

नीरेच्या कालव्याला सुटलेले पाणी पाहत रेंगाळल्यामुळे दोघींनाही शाळेत पोचायला उशीर झाला. बारामतीहून नुकत्याच बदलून आलेल्या गुरुजींनी छडी उचलली. पाटलांची शेवंता निमूट पुढे गेली. गावकुसाबाहेरची तानी मात्र दारातच सवयीने पाठ करून उभी राहिली. “अशी का गं उभी?” “गुरुजी, तुमास्नी ठावं न्हाय व्हय?” शेवंता म्हणाली. “तिला शिवायचं नसतं. आधीचं गुरुजी लांबनंच छडी फेकून मारायचं.” गुरुजींनी छडी खाली ठेवली. शेवंताचा कान पिरगाळला. मग दारापर्यंत चालत जाऊन तानीचाही, तितकाच. संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या आईला तानी दिसली ती ओंजळीत पाखरू जपावे तसा कान जपत बसलेली. “दुखतंय व्हय गं?” “न्हाय. गुरुजींनी पिरगाळला, आये. हातानं!” आईचे थापणे थांबले. पिठाची बोटे पदराला पुसून तिने हळूच विचारले, “कंचा कान गं?”