चार बोटं वर

चौघांनी ठरवलेल्या दोन दिवसांच्या सहलीला तिघंच आले. चौथा, लंबू, महिन्यापूर्वी अपघातात गेला होता. अनोळखी शहर हिंडायला सायकली भाड्याने घेतल्या. दुकानदाराने तिघांतल्या गिड्डीची सीट पार खाली उतरवली आणि पाना तिच्याकडेच दिला. संग्रहालयातून बाहेर येऊन बघते तर सीट चार बोटं वर. तिची सीट गुपचूप वर करायची ही लंबूचीच खोड. त्यावरूनच भांडून तिने धरलेला अबोला तो जाईपर्यंत सुटला नव्हता. "फालतूपणा पुरे," ती बाकीच्या दोघांवर डाफरली. "अगं, पाना तर तुझ्याच खिशात आहे," वकील मित्र म्हणाला. तिने सीट उतरवली. दुपारच्या कॉफीनंतर सीट पुन्हा वर. पाना सीटवर ठेवून ती पुटपुटली, "राग गेला रे माझा," आणि दोघांना घेऊन परत कॉफीच्या दुकानात गेली. बाहेर आली तेव्हा सीट तिच्या मापाला उतरली होती. गारठ्यातही पाना कोमट होता.